माग चालतात, माणसे जुळवावी लागतात

कोचिंग म्हटले की आपल्याकडे दहावी-बारावीचे क्लास आठवतात. मोठ्या कंपन्यांत मात्र हा शब्द निराळ्या अर्थाने वापरतात. एकत्र काम करणाऱ्यांबरोबर एखादा अनुभवी माणूस बसतो, काम पाहतो, प्रश्न विचारतो आणि अडचणीतून निघण्याची वाट त्यांच्याकडूनच काढून घेतो. हे कोट-टायवाल्यांचे चोचले, मालेगाव-भिवंडीच्या लूम कारखान्यात त्याचे काय काम, असे आमचे बांधव विचारतील. आमच्या मते खरी गरज तेथेच आहे.

एका ताक्यामागे किती हात असतात ते पाहा. सायझिंगवाला उभ्या सुताला खळ देतो, कांडीवाला आडवे सूत कांड्यांवर भरतो, कारागीर एकाच वेळी अनेक माग सांभाळतो, जॉबर माग दुरुस्त ठेवतो आणि शेवटी मेहता ताका तपासतो. ताक्यात पट्टा निघाला की मजुरी कापली जाते ती कारागिराची. तो कांडीवाल्यावर खापर फोडतो, कांडीवाला सुतावर. जॉबर म्हणतो, माझा माग ठीक आहे. शेठ सर्वांवर ओरडतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा पट्टा निघतो, आणि चांगला कारागीर उचल फेडून शेजारच्या कारखान्यात निघून जातो.

यावरचा एक उपाय मागावरूनच जगाला मिळाला, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा माग पूर्ण केला की धागा तुटताच तो आपोआप थांबे. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने घेतले. याच घराण्याने १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी काढली आणि मागाची शिस्त मोटारीत नेली. तेथे दोष दिसताच कामगार दोरी ओढतो व टीमचा प्रमुख धावून येतो. तो "कोणी केले?" असे विचारत नाही, "का झाले?" असे विचारतो, आणि एकदा नव्हे, एकामागून एक पाच वेळा.

हीच रीत आपल्या ताक्याला लावून पाहू. पट्टा का आला? आडवा धागा कोठे ताठ, कोठे सैल पडला. तो का? कांडी सैल भरली गेली. ती का? कांडी मशीनवर धाग्याला ताण देणारी तबकडी झिजली आहे. मग जॉबरला का सांगितले नाही? मशीन थांबले तर तेवढी मजुरी बुडते. ती का बुडते? मजुरी भरलेल्या मालावर आहे, थांबलेल्या वेळेची नाही. म्हणजे कारागिराचे पैसे कापून हा पट्टा जाणारच नव्हता. दुरुस्तीच्या तासाची मजुरी शेठने दिली तर तक्रार वेळेवर येईल. ओरडण्यातून हे कधीच बाहेर येत नाही, कारण ओरडणाऱ्यासमोर कोणी खरे बोलत नाही.

उस्ताद-शागिर्दाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पण उस्ताद एकाच हाताला हुन्नर शिकवतो. पाच हातांनी एकमेकांना सांभाळून कसे घ्यावे, हे शिकवणारा आपल्याकडे नाही. वस्तुतः मशवऱ्याची शिकवण आपल्या दीनमध्येच आहे. हिजरी ५ मध्ये मदीनेभोवती खंदक खोदण्याची सूचना हजरत सलमान फारसी (रजि.) यांची होती. ती प्रेषितांनी (स.) स्वीकारली आणि स्वतः माती वाहिली. परक्या मुलखातून आलेल्या माणसाचेही ऐकले गेले. आपल्या कारखान्यात बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिराचे कोण ऐकतो?

यासाठी बाहेरून पगारी तज्ज्ञ आणावा असे नाही. सर्वांचा विश्वास असलेला बुजुर्ग जॉबर हे काम करू शकेल. आधी त्याने प्रत्येकाशी एकट्यात बोलावे, मग पाळी बदलताना दहा मिनिटे सर्वांना एकत्र उभे करावे. दोषाचा ताका समोर असावा. शेठने त्या वेळी गप्प बसावे. हे सर्वांत कठीण आहे, हे आम्ही जाणतो. शिलाई आणि चामड्याच्या कारखान्यांतही हे चालेल.

एक मात्र स्पष्ट सांगतो. मजुरी वेळेवर मिळत नसेल तर अशा बैठकांचा काही उपयोग नाही. कारागीर त्यांना दिखावा समजेल, आणि त्याचे चुकणार नाही. म्हणून मागचे हिशेब आधी चुकते करावेत. मग जुम्याची सुटी झाल्यावर पहिल्या पाळीला, एखादा खराब ताका घेऊन सुरुवात करावी.