डिस्क भरली, आता काय?

गेल्या अंकाच्या जुळणीच्या रात्री मंडळाच्या लिनक्स कॉम्प्युटरने फाइल सेव्ह करायला नकार दिला. संदेश एवढाच : 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. घाबरून मी समोर दिसलं ते एक फोल्डर डिलीट केलं. त्यात एका ज्येष्ठ कवींच्या हस्तलिखिताचे स्कॅन होते! मूळ वही त्यांच्याकडे होती म्हणून निभावलं. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हे लिहितेय. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करायच्या त्या इंग्रजी लहान अक्षरांत.

आधी मोजा, मग पुसा. टर्मिनलमध्ये 'डीएफ -एच' दिलं की प्रत्येक फाइल सिस्टिमची एकूण, वापरलेली आणि उरलेली जागा दिसते. 'डीयू -एसएच' आणि पुढे फोल्डरचं नाव दिलं की त्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते कळतं. म्हणजे कपाट किती भरलंय ते डीएफ सांगतं, कोणत्या कप्प्यात गर्दी आहे ते डीयू.

कधी कधी दोघांचा हिशेब जुळत नाही. डिलीट केलेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रॅमने उघडी धरली असेल, तर तो बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. शिवाय ईएक्सटी४ फाइल सिस्टिम सहसा ५ टक्के जागा मुख्य वापरकर्त्यासाठी, म्हणजे रूटसाठी, राखून ठेवते.

पुसूनही भागलं नाही तर जागा वाढवायची. पार्टिशन किंवा एलव्हीएमचा व्हॉल्यूम म्हणजे आवाराचा गडगा, फाइल सिस्टिम म्हणजे आतलं घर. वाढवताना आधी गडगा सरकवायचा, मग घर वाढवायचं. एलव्हीएम असेल तर 'व्हीजीएस' शिल्लक जागा दाखवतं, 'एलव्हीएक्सटेंड' व्हॉल्यूम वाढवतं आणि 'रिसाइझ२एफएस' आतली ईएक्सटी४. हे कॉम्प्युटर चालू असतानाही होतं. एक्सएफएस असेल तर शेवटी 'एक्सएफएस_ग्रोएफएस'.

कमी करताना क्रम नेमका उलटा. ईएक्सटी४ आधी अनमाउंट करा, 'ई२एफएससीके -एफ'ने तपासा, फाइल सिस्टिम लहान करा आणि मगच व्हॉल्यूम. आधी गडगा आत घेतलात तर तो घरावरूनच जाईल. शेवटाकडचा डेटा कापला जाईल. एक्सएफएस लहान करायची तर बॅकअप घेऊन नव्याने बनवणं हाच व्यवहार्य मार्ग.

वाढवा की कमी करा, बॅकअप आधी. आणि 'मॅन' लिहून पुढे आज्ञेचं नाव दिलं की तिची पूर्ण माहिती मिळते, ती वाचा.

आमचं काय झालं? डीयूने दाखवलं, जागा खात होत्या त्या अंकाच्या जुन्या ट्रायल पीडीएफ. कविता बिचाऱ्या काही एमबींच्याच होत्या.