दोन लाख तासांचा पाढा

दोन लाख तास! आकडा वाचून काही वाटले नाही ना? बरोबर आहे, हल्ली दोन लाखांत धड मोटारही येत नाही. पण तास म्हणजे रुपये नव्हेत. आपली डेक्कन क्वीन घ्या. सकाळी पुण्याहून मुंबई, संध्याकाळी मुंबईहून पुणे, जाऊन-येऊन रोजचे साडेसहा तासांना थोडे कमीच. एकही खाडा न करता ती धावत राहिली, तर दोन लाख तास भरायला तिला साधारण ८५ वर्षे लागतील. १ जून १९३० ला पहिल्यांदा सुटलेली गाडी २०१५ उजाडेपर्यंत धावेल, तेव्हा कुठे हा आकडा पुरा होईल.

आणि एवढे तास अमेरिकेतला शंभर माणसांचा कंत्राटदार एका वर्षात खर्च करतो! शंभर माणसे, आठवड्याचे ४० तास, वर्षाचे ५० आठवडे. करा गुणाकार.

तिकडच्या सुरक्षेचा सगळा हिशेब या दोन लाखांवर उभा आहे. वर्षभरात नोंद झालेल्या दुखापती घ्यायच्या, त्यांना दोन लाखांनी गुणायचे आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या तासांनी भागायचे. सूत्र एवढेच. पाच माणसांचा सुतार आणि पाच हजार माणसांची कंपनी एकाच तराजूत बसतात. २०२३ मध्ये तिथल्या बांधकाम क्षेत्राचा आकडा २.३ होता. म्हणजे सरासरी ८७ हजार तासांमागे नोंद करण्याजोगी एक दुखापत. डेक्कन क्वीनच्या भाषेत ३७ वर्षे रोजची ये-जा, आणि एकदाच कुणाला तरी टाके पडले!

टाके मी सहज लिहिलेले नाही. नोंद कशाची करायची, याचे नियम इतके बारीक आहेत की वाचताना मजा वाटू लागते. जखमेवर पट्टी लावली, तर प्रथमोपचार, नोंद नाही. टाका घातला, नोंद. धनुर्वाताचे इंजेक्शन, नोंद नाही. चिमट्याने कुसळ काढले, नोंद नाही. उन्हाने गरगरले म्हणून पाणी पाजले, नोंद नाही. सलाइन लावले, नोंद. मालिश केले, नोंद नाही. फिजिओथेरपी दिली, नोंद. आणि गोळ्यांचे तर पाहाच. आयब्युप्रोफेन ४६७ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते प्रथमोपचार उरत नाही. आपल्याकडच्या केमिस्टकडे मिळणारी ४०० ची एक गोळी घेतली तर मुकादम निवांत. डॉक्टरने ६०० ची दिली की अख्ख्या कंपनीचा आकडा हलला! किती हलला? शंभर माणसांची कंपनी असेल तर एका गोळीने अख्खा एक. उद्योगाची सरासरीच २.३ आहे, हे ध्यानात घ्या.

यात लपवाछपवीचा मोह किती असेल, हे कोणत्याही साइटवर काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

कारण आकड्याच्या मागे पैसा आहे. कामगार विम्याच्या हप्त्याला तिथे गेल्या काही वर्षांच्या अपघातांवरून काढलेला एक गुणक लागतो. एक म्हणजे सरासरी. समजा हप्ता एक कोटी रुपये. गुणक १.२ असेल तर भरा एक कोटी वीस लाख. ०.८ असेल तर ऐंशी लाख. तेच काम, तेवढीच माणसे, फरक चाळीस लाखांचा. शिवाय हा गुणक तीन वर्षांच्या नोंदींवर ठरतो. जुन्या अपघाताचे ओझे पुढच्या निविदांमध्येही मानेवर बसते.

सरकारी काम घेतले की आणखी मजल्यांवर मजले चढतात. करारातच अपघात प्रतिबंधाचे कलम असते: मृत्यू, इजा, कामामुळे जडलेला आजार, मालमत्तेचे नुकसान, सगळ्याची अचूक नोंद ठेवा. लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचे काम असेल, तर ईएम ३८५-१-१ हा त्यांचा जाडजूड नियमग्रंथ लागू होतो. अपघात प्रतिबंधाचा आराखडा मान्य झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही. मग प्रत्येक कामाचे वेगळे विश्लेषण: या पायरीला काय बिघडू शकते, किती वाईट, किती वेळा? शक्यतेच्या पाच पायऱ्या, परिणामाच्या चार, चौकोन झाले वीस. समजा एका धरणावर साठ प्रकारची कामे आहेत आणि प्रत्येकाच्या दहा पायऱ्या. सहाशे पायऱ्या गुणिले वीस, म्हणजे बारा हजार चौकोनांत बोट फिरवून झाल्यावर पहिली परांची उभी राहणार! तीवर सहा फुटांच्या वर चढलात की पडण्यापासून बचावाची सोय हवीच. सहा फूट म्हणजे आपल्या विहिरीच्या मापात जेमतेम एक परस.

कुणी दगावलाच, तर आठ तासांत सरकारला कळवायचे. मुंबईहून निघालेली एसटी कोल्हापूरला पोचायच्या आत. हात-बोट तुटले, डोळा गेला किंवा माणूस रुग्णालयात दाखल झाला तर चोवीस तास. नोंदींच्या वह्या पाच वर्षे जपायच्या. वर्षाचा गोषवारा १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल सर्वांना दिसेल असा भिंतीवर लावायचा.

एवढा खटाटोप कशाला? चला, सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ. १९३३ ते १९३७ तिथे गोल्डन गेट पूल उभा राहत होता. त्या काळी पुलांच्या धंद्यात एक हिशेब सर्रास मानला जाई: खर्चाच्या दर दहा लाख डॉलरमागे एक माणूस जाणार. अंदाजपत्रकात सिमेंट धरावे, लोखंड धरावे, तसा माणूस धरायचा! पूल साडेतीन कोटी डॉलरचा, म्हणजे ३५ जण जाणार, हे जणू ठरलेलेच. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली जाळे टांगले. किंमत एक लाख तीस हजार डॉलर. एकूण खर्चात हा वाटा किती? शंभर रुपयांच्या कामात ३७ पैसे! त्या ३७ पैशांत १९ माणसे झेलली गेली. पुलाच्या दोन मुख्य दोरखंडांत ८० हजार मैल तार आहे, मुंबई-पुणे अशी साडेआठशे वेळा ताणता येईल इतकी. आणि तरीही माझ्या मते त्या पुलातला सगळ्यांत मोठा आकडा १९ हाच. मृत्यू ११ झाले. त्यातले १० एकाच दिवशी, १७ फेब्रुवारी १९३७ ला, परांची कोसळून जाळे फाडत गेली तेव्हा.

आता धरण. कोलोरॅडो नदीवरचे हूव्हर धरण, कंत्राट मार्च १९३१ चे, सुमारे ४ कोटी ८९ लाख डॉलर. तेव्हाच्या दराने तेरा-साडेतेरा कोटी रुपये, तेही असे तेरा कोटी की ज्या काळी डॉलर पावणेतीन रुपयांना पडत होता. उंची ७२६ फूट: साठ फुटी विहिरी एकावर एक रचल्या तर बारा. काँक्रीट ४३ लाख ६० हजार घनयार्ड. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा विहिरी बुजवत सुटलात तर नऊ हजार विहिरी काठोकाठ भरून काँक्रीट उरेल! कड्यावर दोरीला लोंबकळणारे मजूर कापडी टोप्या डांबरात बुडवून वाळवत आणि घालत. तेच त्यांचे हेल्मेट.

कामावर सरासरी साडेतीन हजार माणसे. पाळी आठ तासांची, वर्षाला पक्क्या सुट्ट्या दोन, नाताळ आणि ४ जुलै. पाच वर्षांचा ढोबळ गुणाकार केला तर पाच कोटी तास येतात. सरकारी मृत्युसंख्या ९६. दर पाच लाख तीस हजार तासांना एक माणूस. आणि या ९६ मध्ये न्यूमोनियाने गेले म्हणून लिहिलेले ४२ नाहीत. हे मजूर पेट्रोलच्या ट्रकांच्या धुराने भरलेल्या बोगद्यांत राबत होते, आणि त्यांच्या शेजारच्या वस्तीत बिगरकामगारांना मात्र न्यूमोनिया जीवघेणा होत नव्हता, एवढे सांगितले तरी पुरे. नोंदवहीतला एक रकाना बदलला की ९६ चे १३८ होतात.

पुढे १९७० साल. अमेरिकेत सर्व धंदे मिळून दिवसाला ३८ कामगार जात होते. दर ३८ मिनिटांना एक. चर्चगेटहून स्लो लोकलमध्ये बसलात तर अंधेरीही येत नाही. वर्षाचे जवळपास चौदा हजार, गच्च भरलेल्या तीन लोकल. त्याच वर्षी २९ डिसेंबरला निक्सन यांनी कामगार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली आणि वह्या सक्तीच्या झाल्या. २०२३ चा आकडा ५,२८३, म्हणजे दर ९९ मिनिटांना एक. आता लोकल विरारला पोचते. तीही अशा काळात, जेव्हा काम करणारी माणसे दुपटीच्या आसपास गेली आहेत. श्रेय एकट्या वह्यांचे नाही. यंत्रे सुधारली, संघटना भांडल्या, विमेवाल्यांनी कान पिळले. पण किती सुधारले, हे सांगायला तरी वहीच लागली.

आता श्वास धरा. २०२३ मधले बांधकामाचे मृत्यू १,०७५. दर एक लाख पूर्णवेळ माणसांमागे साधारण ९.६. उलटा भागाकार करा: एक कोटी बारा लाख पूर्णवेळ माणसांचे काम, प्रत्येकी दोन हजार तास, एकूण सुमारे २,२०० कोटी तास. एकामागे एक लावले तर पंचवीस लाख वर्षे! पुराणातले सत्ययुग १७ लाख २८ हजार वर्षांचे. ते अख्खे संपते, मग त्रेतायुग सुरू होऊन निम्म्याच्याही पुढे जाते, आणि हे सगळे अमेरिकेतल्या मजुरांनी एका कॅलेंडर वर्षात फळ्या ठोकता ठोकता आणि सळ्या बांधता बांधता उरकले. या तासांचा हिशेब कुणीतरी ठेवला म्हणून हा भागाकार शक्य झाला.

हूव्हर धरणाचा भाव या तासांना लावला असता तर? दर पाच लाख तीस हजारांना एक या हिशेबाने वर्षाला ४१,५०० माणसे. झाले १,०७५. वजाबाकी ४०,४२५. वानखेडे स्टेडियम काठोकाठ भरले, दारे लागली, आणि बाहेर अजून सात हजार माणसे तिकिटे हातात घेऊन उभी आहेत, सगळी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जाणारी.