बोरेरेगचे बोल

आम्हां संगीतशिक्षकांच्या अभ्याससहलीचा तो दिवस स्कॉटलंडमधील स्काय बेटावर गेला. तेथे बोरेरेग गावी मॅक्रिमन घराण्याची बॅगपाइपची पाठशाळा होती. हे घराणे म्हणजे डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांचे वंशपरंपरागत वादक. आता समोर खाडी, भोवती माळ आणि १९३३ साली रचलेले दगडी स्मारक. येथे गुरू रचना ‘हिहारिन’सारख्या बोलांत गाऊन शिकवीत, शिष्य त्या कंठस्थ करीत. पाठशाळा मोडली, पण ते बोल पाइपवादक आजही गातात.

संस्थान गेल्यावरही वाड्यात गाणारे माझे वडील मला चिजा तोंडीच देत. मी त्या वहीत उतरवून निश्चिंत झालो. आज वह्या आहेत, वडील नाहीत. चिजेचा झोक आता कोणास विचारावा?

परतल्यावर वर्गात प्रथम मुलांच्या वह्या मिटविल्या.