रानपिंगळ्याची चिठ्ठी

आमच्या धंतोलीत अनेक भाषा बोलणारी कुटुंबे शेजारीशेजारी नांदतात. वसंतात पळसाचे एखादे फूल घेऊन चार घरी त्याचे नाव विचारावे. मराठी घरी ‘पळस’, हिंदी घरी ‘टेसू’, गुजराती घरी ‘केसूडो’, तेलुगू घरी ‘मोदुगु’ असे उत्तर येईल. नावे सारीच गोड. परंतु एका प्रांतातील अभ्यासकाचे लेखन दुसऱ्यास कळावे कसे? ही अडचण जाणून स्वीडनमधील कार्ल लिनियस यांनी १७५३ साली सर्व वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे देण्याचा पाठ घालून दिला. त्या रीतीने पळस जगभर ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’ या नावाने ओळखला जातो. सजीवांना ओळखणे, त्यांची नावे निश्चित करणे व त्यांचे गट पाडणे, हे ज्या शास्त्राचे कार्य, ते वर्गीकरणशास्त्र होय.

या शास्त्राचा आधार म्हणजे संग्रहालयात जपलेला नमुना आणि त्यास बांधलेली चिठ्ठी. नमुना कोठे, केव्हा व कोणी मिळविला, हे ती सांगते. ती खोटी असेल तर काय अनर्थ होतो, हे रानपिंगळ्याच्या कथेवरून कळेल.

आपल्या अंगणातील झाडावर दिसणाऱ्या पिंगळ्याचा हा रानातील भाऊबंद. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र तो कोणाच्या दृष्टीस पडेना. मायनर्ट्‌झहागन नावाच्या गृहस्थाने, आपणास तो १९१४ साली गुजरातेत मिळाला, असे लिहून ठेवले होते. त्यावर विसंबून लोकांनी तेथे शोध घेतला. तो व्यर्थ गेला.

अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले. तेव्हा उघड झाले की, तो पक्षी डेव्हिडसन यांच्याच संग्रहातून चोरलेला होता आणि त्याची चिठ्ठी बनावट होती! मग त्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात त्यांना व त्यांच्या दोघा सोबत्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांचा वियोग संपला! पुढे आपल्या विदर्भातील मेळघाटातही तो आढळला. तसेच मध्यप्रदेश व गुजरात येथील रानांतही त्याची नोंद झाली.

आता विचार करा. संग्रहालयाच्या कपाटातील नमुना, खानदेशातील रान आणि तुलना करणारी तीक्ष्ण नजर, यांपैकी एक जरी नसते तरी हा पक्षी नामशेष झाला असेच जग मानीत राहिले असते. आणि जो नाहीच असे मानले, त्याचे रान कोण राखील?

म्हणूनच हे कार्य एकट्यादुकट्याचे नव्हे. आपल्या देशात वनस्पतींसाठी १८९० साली आणि प्राण्यांसाठी १९१६ साली सर्वेक्षण संस्था स्थापन झाल्या. दोहोंची केंद्रे पुण्यातही आहेत. परंतु पुण्याचा शास्त्रज्ञ मेळघाटात बारा महिने राहू शकत नाही. तेथील पाखरू, तेथील गवत ओळखणारी माणसे तेथेच तयार झाली पाहिजेत, आणि त्यांनी आपल्या नोंदी शेजारच्या प्रांतातील अभ्यासकांशी पडताळून पाहिल्या पाहिजेत. कारण सातपुड्याचे रान एका राज्यात संपत नाही.

मुलांनो, या कामाचा आरंभ एका वहीने होतो. जे पाहिले तेच लिहावे. स्थळ आणि दिनांक घालावा. ठाऊक नसेल तेथे जागा कोरी सोडावी. कोरी जागा उद्या कोणी भरील. खोटी नोंद मात्र पुढच्या पिढ्यांची वाट चुकवील.