डिझायनर पाकीट अस्सल की बनावट? ‘प्रमाणपत्रा’वर विसंबू नका

नवी दिल्ली : नामांकित ब्रँडचे पाकीट किंवा कार्ड होल्डर अर्ध्या किमतीत देऊ करताना विक्रेता अनेकदा आतील क्रमांक आणि सोबतचे ‘प्रमाणपत्र’ दाखवतो. मात्र, लुई व्हिटॉनच्या बाबतीत हे दोन्ही पुरावे ग्राह्य धरता येत नाहीत.

या फ्रेंच कंपनीने १८९६ मध्ये आद्याक्षरे व फुलांची नक्षी आणली, ती नकलांना आळा घालण्यासाठी. आज त्याच नक्षीची सर्रास नक्कल होते.

जुन्या पाकिटांतील अक्षरे व अंकांचा संकेत केवळ निर्मितीचे ठिकाण आणि काळ दर्शवतो. तो प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र नसल्याने सहज उतरवता येतो. कंपनीने २०२१ पासून त्याऐवजी सूक्ष्म चिप बसवण्यास सुरुवात केली. त्यामुळे नव्या पाकिटात संकेत नसणे हा दोष नव्हे. कंपनी सत्यतेचे कार्ड देत नाही. ते सोबत असल्यास उलट संशय घ्यावा. नक्षीचा भाग अनेकदा लेप दिलेल्या कॅनव्हासचा असतो; अशा कॅनव्हासचे पाकीट ‘पूर्णपणे चामड्याचे’ असल्याचा दावाही खोटा ठरतो.

सर्वांत भरवशाची कसोटी म्हणजे खरेदीचे ठिकाण. कंपनी नवा माल केवळ स्वतःच्या दालनांतून आणि संकेतस्थळावरून विकते. सवलतीचे सेल लावत नाही. जुने पाकीट घेताना मूळ देयक मागावे.

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार बनावट मालाच्या विक्रीसाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. फसवणूक झाल्यास ग्राहकांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.