अपुऱ्या दिवसांची बाळे आणि एका बापाची पदयात्रा



आपल्या संस्थेच्या बैठकीत एका तरुण सभासदाने एक प्रस्ताव मांडला. त्याचे बाळ 31 व्या आठवड्यात जन्मले, वजन 1300 ग्रॅम. 43 दिवस पालिकेच्या रुग्णालयात राहून ते घरी आले. आता अशा बाळांसाठी निधी जमवायला भायखळ्यापासून शीवपर्यंत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने पायी जायचे त्याने ठरवले आहे. "चालून काय होणार? पैसेच हवेत तर पावतीपुस्तक काढा," असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. मी बँकेतला माणूस, मलाही आधी तसेच वाटले. म्हणून थोडी माहिती गोळा केली.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1938 साली पोलिओविरुद्ध संस्था काढली. लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली. त्या नाण्याला तिकडे डाइम म्हणतात, म्हणून नाव पडले 'मार्च ऑफ डाइम्स'. लसीने पोलिओ आटोक्यात आल्यावर ही संस्था नवजात बालकांच्या कामाकडे वळली आणि 1970 पासून निधीसाठी पदयात्रा काढू लागली. पावती फाडून माणूस मोकळा होतो. चालणाऱ्याला मात्र लोक थांबवून विचारतात, कशासाठी चाललात? तेव्हा सांगता आले पाहिजे.

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे. आईचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी मुले, कोवळे वय, दोन बाळंतपणांतले कमी अंतर ही त्याची काही कारणे. पुष्कळदा कारण सापडतच नाही, तेव्हा सुनेला बोल लावू नये. आपल्या चाळींत अजून म्हणतात, सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही. हे साफ खोटे आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते, म्हणून ते लवकर गार पडते. जन्मल्याबरोबर त्याला आंघोळ घालणे धोक्याचे. कोलंबियातील बोगोटा शहरात 1978 साली काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधली. हीच कांगारू पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली ती जन्मानंतर लगेच सुरू करावी असे सांगितले. बापाची छातीही चालते! आमचा हा सभासद सदऱ्याची बटणे सोडून तासन्‌तास बसे. प्रथम लाजला, मग सवय झाली.

दुसरी गोष्ट दुधाची. पहिले चिकाचे दूध पिळून टाकून मध चाटवण्याची चाल अजून गेलेली नाही. ते दूध म्हणजे बाळाची पहिली लस. कित्येक आयांना सुरुवातीला दूध पुरेसे येत नाही. त्यासाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. दूध देणाऱ्या मातेच्या रक्ताची तपासणी होते, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून गोठवून ठेवतात. आमच्या बँकेत ठेवीवर व्याज मिळते. येथे काही मिळत नाही, तरी आया देतात. दानपारमितेचे याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

एक सूचना. मदत म्हणून दुधाच्या पावडरीचे डबे कोणी आणू नयेत. 1992 च्या कायद्याने त्यांच्या जाहिरातीवर व फुकट वाटपावर निर्बंध आहेत आणि आईचे दूध त्यामुळे मागे पडते. पैसा जमला तर तो वॉर्डाबाहेर दिवस काढणाऱ्या आयांच्या जेवणासाठी व गाडीभाड्यासाठी वापरावा, असे मला वाटते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला आधी विचारावे. मुंबई कायदे कौन्सिलात 1928 साली बाबासाहेबांनी प्रसूतीलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे मांडले होते. पुढच्याच वर्षी कायदा झाला. वॉर्डाबाहेर बाकावर बसून राहणाऱ्या बाईला विश्रांती कुठली?

पदयात्रा रविवारी सकाळी निघेल. लालबाग, परळ, दादर येथे पाणी देण्यासाठी तेथील विहारांना पत्रे गेली आहेत. ज्येष्ठ सभासदांनी दादरपर्यंत बरोबर येण्याचे कबूल केले आहे, पावतीपुस्तक घेऊन.