नवा संगणक आणि जुनी मोडी

तंजावरच्या राजवाड्यालगतच्या एखाद्या मराठी कुटुंबाची आपण कल्पना करावी. घरातील बोलणे मराठी, लिहिणे-वाचणे बहुधा तमिळ. आणि पेटीत पूर्वजांच्या हातच्या मोडी कागदांची एक चळत, जी आता घरात कोणासही वाचता येत नाही. कन्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकते. तिच्यासाठी नवा संगणक आला आहे आणि हे कागद वाचण्यास साह्य करील अशी आज्ञावली लिहावी, असे तिच्या मनात आहे. हे यंत्र सज्ज कसे करावे?

या नगरास असा प्रश्न नवा नव्हे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास येथे देवनागरी मुद्रणालय उभारले आणि १८०६ मध्ये इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापविले. तेव्हाही आधी खिळे जुळवावे लागले, मग पुस्तक निघाले.

प्रारंभीची कामे थोडक्यात सांगण्याजोगी आहेत. लिनक्स असो वा विंडोज, प्रणाली प्रथम अद्ययावत करून घ्यावी. नंतर पायथन ही भाषा, एक साधा संपादक आणि लिखाणातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे ‘गिट’ बसवावे. ही साधने विनामूल्य मिळतात. शिकण्यासाठी ८ जीबी स्मृती पुरते. दुकानदार अधिक महागाचे यंत्र सुचवील, तिकडे लक्ष न दिले तरी चालेल.

खरी मेख अक्षरांत आहे. जगातील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मोडीचा समावेश २०१४ साली, म्हणजे देवनागरीनंतर पुष्कळ वर्षांनी झाला. तोवर आरंभीची ६५,५३६ स्थाने असलेला पहिला विभाग सोडून मोडीला पलीकडे जागा मिळाली. त्यामुळे यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरी ‘क’ला ३ बाइट लागतात, तर मोडी ‘क’ला ४. हा एक बाइट क्षुल्लक वाटेल. परंतु मायएसक्यूएल या विदागारातील ‘यूटीएफ८’ नावाचा जुना प्रकार ३ बाइटांपलीकडचे अक्षर ठेवूच शकत नाही. तेथे ‘यूटीएफ८एमबी४’ हाच प्रकार निवडावा लागतो. जावास्क्रिप्ट भाषा मोडीचे एक अक्षर दोन म्हणून मोजते, आणि निष्काळजीपणे शब्द तोडल्यास अक्षराचे दोन तुकडे होतात. पायथन ३ ते एकच मोजते. मात्र विंडोजवर पायथनच्या अनेक आवृत्त्या, न सांगितल्यास, जुन्याच संकेताने फाइल उघडतात. म्हणून दरवेळी यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे.

यानंतर खिळे, अर्थात फाँट. ‘नोटो सान्स मोडी’ हा विनामूल्य मिळतो. तो नसेल तर पडद्यावर रिकामे चौकोन दिसतात आणि नवशिका आपलीच आज्ञावली चुकली असे समजून व्यर्थ शिणतो.

आता परीक्षा घ्यावी. एका फाइलीत देवनागरी ‘क’ आणि मोडी ‘क’ लिहून ती बंद करावी, पुन्हा उघडावी आणि पायथनकडून अक्षरे मोजून घ्यावीत. उत्तर २ आले व दोन्ही अक्षरे नीट दिसली, तर यंत्र कामास सिद्ध झाले.

कागदांची छायाचित्रे घेतल्यावर मूळ चित्रांस हात लावू नये. काम प्रतींवर करावे आणि एक संच निराळ्या डिस्कवर ठेवावा. मोडी लिहिणारे ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत. तेव्हा एकाच खुणेचे देवनागरीत ‘दिन’ होईल की ‘दीन’, हे संदर्भावरून माणसालाच ठरवावे लागते. यासाठी मोडी अक्षरे एका फाइलीत जशीच्या तशी उतरावीत आणि देवनागरी वाचन दुसरीत ठेवावे. पुढे सरस्वती महाल ग्रंथालयातील एखाद्या जाणत्याने वाचन दुरुस्त केले, तर दुसरी फाइल तेवढी बदलेल आणि आधीचे वाचन काय होते, हेही गिटमध्ये शिल्लक राहील.